स्प्रिंग रस्त्याची, शॉकअप स्प्रिंगचा

मोटारगाडीच्या कौतुकात पहिला मान इंजिनाला मिळतो आणि दुसरा तिच्या आकाराला. गाडीचे सारे वजन ज्यांच्यावर टेकलेले असते त्या स्प्रिंगा आणि त्या स्प्रिंगांना आवरणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ज्यांना गॅरेजात सगळे शॉकअप म्हणतात, त्यांचा विचार बहुधा ते निकामी झाल्यावरच होतो. पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या, दोन दरवाज्यांच्या, मागे उतरत गेलेल्या छपराच्या आणि मुळातच जमिनीलगत बसणाऱ्या कूपे गाडीच्या बाबतीत हा विचार अधिक निकडीचा असतो. अशी गाडी हौसेने सांभाळणाऱ्याला तिच्याकडून जो आनंद मिळतो तो वळणावरच्या पकडीचा आणि स्टिअरिंगच्या तत्पर प्रतिसादाचा असतो, आणि हे दोन्ही गुण इंजिनापेक्षा सस्पेन्शनवर, म्हणजे चाक आणि सांगाडा यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा, शॉकअप, आर्म आणि रबरी बुश यांच्या एकत्रित कामावर, जास्त अवलंबून असतात.

या भागांची निवड बाजारात बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होते: आधी नावाजलेली कंपनी ठरते, मग गाडी किती खाली बसवायची ते ठरते, आणि ती कोणत्या रस्त्यावर चालणार आहे हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. योग्य क्रम याच्या नेमका विरुद्ध आहे. रस्ता पाहून चाकाला किती चाल, म्हणजे वर-खाली होण्यास किती जागा, हवी ते ठरवावे, त्या चालीवरून स्प्रिंग निवडावी, आणि शॉकअप त्या स्प्रिंगला साजेल असा घ्यावा. पालघर जिल्ह्यातील कुंभवलीसारख्या गावी हा क्रम चुकवण्याची किंमत लवकर मोजावी लागते. म्हणूनच या विषयाचा विचार येथून सुरू करणे सोयीचे ठरते.

कुंभवलीच्या दारातील तीन रस्ते

कुंभवली हे तारापूर औद्योगिक वसाहतीच्या कडेला, बोईसरच्या पश्चिमेस असलेले गाव. येथून निघणारी गाडी थोड्याच अंतरात तीन निरनिराळ्या स्वभावांच्या रस्त्यांना सामोरी जाते. पहिला रस्ता वसाहतीचा आणि गावांचा: रसायनांचे टँकर, पोलादाच्या कॉइल वाहणारे ट्रेलर आणि कामगारांच्या बसगाड्या यांच्या वजनाखाली त्यावर चाकोऱ्या पडतात, पावसाळ्यात कडा खचतात, आणि पाम, टेंभी, सालवड, पास्थळ, कोलवडे या आसपासच्या वस्त्यांमधून जाताना गतिरोधकांची रांग लागते. दुसरा रस्ता बोईसरहून बेटेगाव, नागझरी या बाजूने चिल्हार फाट्याला, म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळणारा. त्यावर वळणे आहेत, चढउतार आहेत आणि अवजड वाहतूकही भरपूर आहे. तिसरा रस्ता खुद्द महामार्ग क्रमांक ४८, जेथे सपाट काँक्रीटवर वेग वाढतो, आणि जोडांवरून किंवा पुलांच्या तोंडावरच्या पायरीवरून जाताना चाकांना तोच एक ठोका पुन्हा पुन्हा बसतो.

या तिन्ही ठिकाणी सस्पेन्शनकडून होणारी मागणी वेगळी असते. वसाहतीच्या रस्त्यावर चाकाला खूप वर-खाली जावे लागते, पण हळू. महामार्गाच्या जोडावर ते थोडेसेच हलते, पण अतिशय वेगाने. चिल्हारच्या वळणावर गाडी कलते आणि बाहेरच्या बाजूच्या दोन स्प्रिंगांवर वजन येते. परदेशातील गुळगुळीत रस्त्यांसाठी किंवा रेसच्या ट्रॅकसाठी तयार केलेला संच यांपैकी फार तर शेवटच्या दोन मागण्या भागवू शकतो.

गतिरोधकाचे साधे गणित येथे उपयोगी पडते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक संहितेतील गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्याच्या वर्तुळाची त्रिज्या १७ मीटर धरलेली असते आणि तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडावा अशी अपेक्षा असते. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये सुमारे २.४२ मीटर अंतर असलेली छोटी कूपे अशा उंचवट्याच्या मधोमध आली की तिची चारही चाके उंचवट्यावरच असतात, आणि गाडीच्या पोटाखालची जागा अवघी चार-साडेचार सेंटिमीटरने कमी होते. परंतु गावोगावी डांबराचा किंवा सिमेंटचा अरुंद, उभट उंचवटा घातलेला असतो. त्यावर पुढची चाके उतरून गेलेली असतात, मागची अजून चढलेली नसतात, आणि उंचवट्याची पूर्ण उंची पोटाखाली येते. अशा गाड्यांचे पोट मुळातच जमिनीपासून बहुधा १२ ते १४ सेंटिमीटरवर असते. ती गाडी चार सेंटिमीटरने खाली बसवली, तर दहा सेंटिमीटरचा अरुंद उंचवटा तिला घासल्याशिवाय ओलांडता येणार नाही.

वजन पेलणारा आणि हालचाल आवरणारा

स्प्रिंग आणि शॉकअप एकाच ठिकाणी, अनेकदा एकमेकांत गुंफलेले असतात, म्हणून त्यांची कामेही एकच समजली जातात. प्रत्यक्षात गाडीचे वजन फक्त स्प्रिंग पेलते. शॉकअप वजन पेलत नाही. तो हालचालीला विरोध करतो. त्याच्या नळीत तेल असते, दांड्याच्या टोकाला बारीक छिद्रे आणि पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा असलेला पिस्टन असतो, आणि चाक हलले की ते तेल त्या छिद्रांतून जबरीने जाते. स्प्रिंगने साठवलेली ऊर्जा अशा रीतीने उष्णतेत रूपांतरित होते. खराब रस्त्यावरून आल्यानंतर शॉकअपची नळी गरम लागते ती यामुळेच. शॉकअप नसता तर एका खड्ड्यानंतर गाडी कितीतरी वेळ वर-खाली होत राहिली असती.

स्प्रिंगचा कडकपणा ती एक मिलिमीटर दबण्यास किती बल लागते यावर मोजतात. एका चाकावर सांगाड्याचे ३५० किलो वजन येत असेल आणि चाकापाशी जाणवणारा कडकपणा मिलिमीटरला २५ न्यूटन असेल, तर स्प्रिंग स्वस्थ स्थितीत सुमारे १३७ मिलिमीटर दबलेली असते आणि गाडीची नैसर्गिक वारंवारिता, म्हणजे धक्का बसल्यावर ती सेकंदाला किती वेळा झुलू पाहते ते प्रमाण, सुमारे १.३५ हर्ट्झ येते. आरामाला प्राधान्य देणाऱ्या गाड्यांत हा आकडा साधारण एक ते दीड हर्ट्झच्या दरम्यान असतो, चपळ गाड्यांत दीड ते दोनच्या दरम्यान, आणि शर्यतीच्या गाड्यांत त्याहून बराच वर जातो. वेगवेगळ्या गाड्यांची तुलना करण्यास स्प्रिंगच्या नुसत्या कडकपणापेक्षा हा आकडा अधिक उपयोगी आहे, कारण त्यात गाडीचे वजनही धरलेले असते.

मॉरिस ऑली या अभियंत्याने १९३० च्या दशकात पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांच्या परस्परसंबंधांचा जो विचार मांडला तो आजही पायाभूत मानला जातो. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो आणि क्षणभराने मागच्या; म्हणून मागची वारंवारिता पुढच्यापेक्षा किंचित जास्त ठेवली, तर उशिरा सुरू झालेले मागचे झुलणे पुढच्याला गाठते आणि गाडी पुढे-मागे डोलण्याऐवजी एकसंधपणे वर-खाली होऊन शांत होते. फक्त मागच्या स्प्रिंगा बदलणे किंवा पुढे एका कंपनीच्या आणि मागे दुसऱ्या कंपनीच्या घालणे म्हणजे कारखान्याने साधलेला हा मेळ तपासून न पाहताच मोडणे होय.

झीज ओळखताना

निवडीच्या आधी निदान यावे लागते. गाडी खडखडते म्हणून चारही शॉकअप बदलले जातात आणि आवाज तसाच राहतो, कारण तो लिंक रॉडचा, बॉल जॉइंटचा किंवा लोअर आर्मच्या फाटलेल्या बुशचा असतो. बॉनेट हाताने दाबून सोडायचे आणि गाडी किती वेळा झुलते ते पाहायचे ही चाचणी पूर्ण गेलेला शॉकअप दाखवते, अर्धा गेलेला दाखवत नाही. टायरच्या पृष्ठभागावर ठरावीक अंतराने पडलेले खोलगट चट्टे, ब्रेक दाबताच नाक खाली जाणे, महामार्गाच्या जोडांनंतर मागचा भाग सरकल्यासारखा वाटणे आणि दांड्याच्या तोंडाशी धूळ चिकटलेला तेलाचा ओला थर ही अधिक भरवशाची लक्षणे आहेत.

स्प्रिंग बसली आहे का हे पाहण्यास टेपपट्टी पुरते. सपाट जमिनीवर, टायरमधील हवा योग्य असताना, चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना मोजून उत्पादकाच्या आकड्यांशी आणि एकमेकांशी ताडून पाहावे. जमिनीपासून मोजण्यापेक्षा चाकाच्या केंद्रापासून मोजणे चांगले, कारण त्यात टायरची झीज मिसळत नाही. डावी-उजवी बाजू लक्षणीय वेगळी असेल तर खालच्या वेटोळ्याचे टोक तुटलेले असण्याची शक्यता तपासावी. ते टोक स्प्रिंगच्या बैठकीत दडलेले असते आणि वरून दिसत नाही.

कुंभवलीच्या परिसरात ही तपासणी अधिक वेळा व्हायला हवी. जवळच समुद्र आहे, पावसाळा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस देतो, आणि तारापूर वसाहतीत रासायनिक कारखान्यांची मोठी दाटी आहे. २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण मूल्यांकनात देशातील औद्योगिक पट्ट्यांमध्ये तारापूरचा निर्देशांक सर्वांत वरचा होता. खारट, दमट आणि आम्लयुक्त हवेचा परिणाम प्रथम स्प्रिंगच्या रंगावर होतो. खड्यांनी रंग उडालेल्या जागी गंज बारीक खळगा पाडतो, त्या खळग्यात ताण एकवटतो आणि लाखो वेळा दबलेली तार तेथूनच तुटते. शॉकअपच्या दांड्यावरील क्रोमचा थर तसाच टोचला गेला, तर तो खडबडीत दांडा प्रत्येक हालचालीत तेल अडवणारे सील कापत जातो. त्यामुळे दांड्यावरील धूळरोधक आवरण फाटले असताना ते न बदलणे ही फार महागात पडणारी काटकसर आहे.

गाडी खाली बसवण्याचा मोह

जुनी कूपे हाती आली की ती जमिनीला टेकलेली दिसावी अशी इच्छा होते, आणि त्या इच्छेत वावगे काही नाही; गाडीचा गुरुत्वमध्य खाली गेला की ती वळणावर कमी कलते हेही खरे आहे. प्रश्न चालीचा आहे. चाक वर येताना स्प्रिंग दबत जाते आणि शेवटी बम्प स्टॉपला, म्हणजे दांड्यावर बसवलेल्या फेसाळ रबरी गुटक्याला, भिडते. स्वस्थ स्थितीपासून या गुटक्यापर्यंत ८० मिलिमीटर जागा असेल आणि गाडी ४० मिलिमीटरने खाली बसवली, तर जागा निम्मी उरते. धक्क्याची ऊर्जा पोटात घेण्याची स्प्रिंगची क्षमता तिच्या कडकपणाच्या आणि चालीच्या वर्गाच्या गुणाकारावर ठरते. त्यामुळे निम्म्या चालीत तोच खड्डा सोसायचा तर कडकपणा चौपट हवा. गाडी खाली बसवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या स्प्रिंगा मूळ स्प्रिंगांपेक्षा फार तर पाव ते अर्ध्या पटीने कडक असतात, आणि चौपट कडक स्प्रिंग घालून रस्त्यावर गाडी चालवता येत नाही. परिणामी वसाहतीच्या रस्त्यावर अशी गाडी स्प्रिंगवर न चालता रबरी गुटक्यांवर चालू लागते. प्रत्येक खड्ड्याचा ठोका थेट सांगाड्याला, स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप यांच्या एकत्रित खांबाच्या, माउंटिंगला आणि शॉकअपच्या झडपांना बसतो, आणि वळणाच्या मध्यावर गुटका भिडला तर त्या चाकाची पकड अचानक सुटते.

जुन्या स्प्रिंगचे वेटोळे कापून गाडी खाली घेण्याची रीत याहूनही घातक आहे. वेटोळे कमी झाले की स्प्रिंग त्या प्रमाणात कडक होते. सहा कार्यरत वेटोळ्यांतील एक कापले तर कडकपणा वीस टक्क्यांनी वाढतो. पण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, चाक पूर्ण खाली लोंबले की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते, आणि गॅसच्या ज्योतीने कापले असेल तर तापलेल्या भागातील पोलादाची मूळ कठिणता नष्ट होते. तारेच्या जाडीचा परिणाम तर याहून मोठा असतो, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो: बारा मिलिमीटरऐवजी तेरा मिलिमीटरची तार घेतली, बाकी सारे तसेच ठेवले, तरी स्प्रिंग जवळजवळ ३८ टक्के कडक होते. म्हणून नुसत्या डोळ्यांनी सारख्या दिसणाऱ्या दोन स्प्रिंगा वागणुकीत अगदी भिन्न असू शकतात.

पुढच्या आणि मागच्या बाजूंचा समतोल किती नाजूक असतो याचे उदाहरण १९९८ साली बाजारात आलेल्या ऑडी टीटी कूपेने दिले. जर्मनीच्या महामार्गांवर अतिवेगात दिशा बदलताना या गाड्यांचे काही गंभीर अपघात झाल्यावर कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावून त्यांच्या मागच्या झाकणावर छोटा स्पॉयलर बसवला, घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दिली आणि सस्पेन्शनमध्येही बदल केले. ज्या कंपनीपाशी स्वतःचे चाचणी-ट्रॅक आणि अभियंत्यांचा ताफा होता तिलाही आपल्या मूळ जुळणीत दुरुस्ती करावी लागली. मागची बाजू पुढच्यापेक्षा प्रमाणाबाहेर कडक केली की वळणावर मागची चाके आधी सुटतात आणि गाडी फिरू पाहते; पुढची बाजू प्रमाणाबाहेर कडक केली की स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. दोन्ही दोष ओल्या रस्त्यावर अधिक तीव्र होतात, आणि कोकणाच्या उत्तर टोकाला ओला रस्ता वर्षातले चार महिने असतो.

शॉकअप निवडताना

शॉकअपचे दोन मुख्य प्रकार जुन्या कूपेच्या मालकापुढे येतात. दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये आतील नळीत पिस्टन हलतो आणि बाहेरील नळीत जादा तेल राहते; तो स्वस्त असतो, मऊ चालतो आणि बाहेरच्या नळीला बारीक पोचा पडला तरी काम करीत राहतो. परंतु सतत खडबडीत रस्त्यावर त्याच्या तेलात बुडबुडे मिसळून विरोध क्षीण होऊ शकतो; यासाठी अनेक दुहेरी नळ्यांत कमी दाबाचा नायट्रोजन भरतात. एकेरी नळीच्या शॉकअपमध्ये तेल आणि उच्च दाबाचा नायट्रोजन एका तरंगत्या पिस्टनने वेगळे ठेवलेले असतात, त्यामुळे फेस होत नाही आणि उष्णता थेट बाहेरच्या हवेत जाते. फ्रेंच अभियंता क्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बों याच्या कल्पनेवर आधारलेला हा प्रकार बिलस्टाइन कंपनीने १९५७ साली मर्सिडीझ-बेंझच्या गाड्यांसाठी प्रचारात आणला. तो अचूक असतो, पण त्याच्या नळीला उडालेल्या दगडाने पोचा पडला की पिस्टन अडकतो, आणि गॅसच्या दाबामुळे तो गाडी काही मिलिमीटर वर उचलतो, हे उंची मोजताना लक्षात घ्यावे लागते.

महाराष्ट्राला या उद्योगाची ओळख जुनी आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाचे शॉकअप मुंबईत मुलुंडला बनू लागले आणि पुढे नाशिक व चाकण येथेही. भारतीय रस्त्यांवरच्या सर्वसामान्य गाड्यांसाठी लागणारा टिकाऊपणा या परंपरेतून घडला. अडचण एवढीच की येथे मोजक्या संख्येने आलेल्या कूपे गाड्यांसाठी देशी कंपन्यांच्या यादीत नेमका क्रमांक क्वचितच सापडतो, आणि मग परदेशी कंपनीच्या सामान्य दुरुस्ती-संचापासून महागड्या, फिरवून कमी-अधिक करता येणाऱ्या संचापर्यंत अनेक पर्याय समोर येतात.

यातून निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, शॉकअपची पूर्ण दबलेली आणि पूर्ण ताणलेली लांबी: खाली बसवलेल्या गाडीत मूळ लांबीचा शॉकअप आतल्या आत ठोके खातो, तर मूळ उंचीच्या गाडीत आखूड शॉकअप चाकाला खड्ड्यात पूर्ण उतरू देत नाही. दुसरी, झडपांचा विरोध: स्प्रिंग चाळीस टक्के कडक केली तर शॉकअपचा विरोध त्या प्रमाणाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे अठरा टक्क्यांनी वाढायला हवा, मूळ शॉकअपवर कडक स्प्रिंग घातली की गाडी उडते, आणि मूळ स्प्रिंगवर अतिकडक शॉकअप घातला की लागोपाठच्या खड्ड्यांत चाक परत खाली येण्याआधीच पुढचा धक्का बसतो आणि गाडी हळूहळू बम्प स्टॉपवर जाऊन बसते. तिसरी, दोन दिशांतील विरोधाचे प्रमाण: चाक वर येताना विरोध कमी आणि परतताना जास्त अशी सामान्य रचना असते, आणि खराब रस्त्यासाठी वेगाने वर येणाऱ्या चाकाला झडपेने लवकर वाट करून देणे महत्त्वाचे असते. चौथी, दुरुस्तीची सोय: उघडून सील आणि तेल बदलता येणारा शॉकअप महाग असला तरी वीस वर्षे जुन्या गाडीसाठी तो शेवटी परवडू शकतो.

उंची आणि कडकपणा स्वतंत्रपणे बदलता येणारा कॉइलओव्हर संच, ज्यात स्प्रिंगची बैठक आटे पाडलेल्या नळीवर वर-खाली फिरवता येते, या भागात आकर्षक वाटला तरी त्याच्या आट्यांत चिखल आणि मीठ साचते. दर पावसाळ्यानंतर तो धुऊन, ग्रीस लावून ठेवण्याची तयारी नसेल, तर दोन वर्षांत त्याची बैठक जागच्या जागी गंजून जाते.

भाग मिळत नसताना

जुन्या कूपेच्या मालकाची खरी कसोटी येथे लागते. २००३ च्या सुमारास मारुतीने मर्यादित संख्येने विकलेली तीन दरवाज्यांची झेन चालवणाऱ्याला फारशी चिंता नाही, कारण तिचे सस्पेन्शन पाच दरवाज्यांच्या झेनचेच आहे. पहिल्या पिढीच्या ऑडी टीटीचा पाया फोक्सवॅगनच्या चौथ्या पिढीच्या गोल्फचा आहे आणि त्याच पायावरची स्कोडा ऑक्टाविया २००१ पासून तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथे जुळवली जात होती. त्यामुळे तिच्यासाठी स्ट्रटचे माउंटिंग, बेअरिंग, काही बुश असे भाग ऑक्टावियाच्या साठ्यातून जुळू शकतात. येथेही सावधगिरी हवी. स्ट्रटच्या नळीचा व्यास जुळतो का ते मोजून पाहावे, आणि स्प्रिंगा वजनानुसार वेगवेगळ्या असून त्यांच्यावरील रंगाच्या ठिपक्यांनी ओळखल्या जातात. जड डिझेल इंजिनासाठीची पुढची स्प्रिंग हलक्या कूपेत घातली तर गाडीचे नाक वर राहते.

सॅन मोटर्सची फायबरग्लासच्या बॉडीची आणि रेनोच्या ११४९ घनसेंटिमीटर इंजिनाची दोन आसनी सॅन स्टॉर्म, किंवा दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने २०१२ च्या ऑटो एक्स्पोत दाखवलेली, मध्यभागी रेनोचे इंजिन असलेली अवंती, अशा देशी गाड्यांच्या बाबतीत तर कंपनीच्या खिडकीवर भाग मागण्याची सोयच राहिलेली नाही. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, पण तुटलेल्या गाडीतून काढलेला शॉकअप म्हणजे अज्ञात वयाचा शॉकअप; तेथून माउंटिंगचे कंस, बैठका, आर्म असे पोलादी भाग तपासून घेणे शहाणपणाचे, झिजणारे भाग घेणे नव्हे.

मग स्प्रिंग नवीन बनवून घेण्याचा मार्ग उरतो, आणि तो वाटतो तितका दुर्गम नाही. तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, कार्यरत वेटोळ्यांची संख्या, मोकळी लांबी आणि टोकांची घडण एवढी मापे घेतली की कडकपणा सूत्राने काढता येतो. शिवाय चारही चाकांवरचे वजन काट्यावर वेगवेगळे मोजले की हवी ती वारंवारिता धरून उलट हिशेबही करता येतो. मात्र या हिशेबात सस्पेन्शनची रचनाही धरावी लागते: वर-खाली दोन आर्म असलेल्या डबल विशबोन रचनेत स्प्रिंग आर्मच्या मध्यावर टेकलेली असते, त्यामुळे चाकापाशी जाणवणारा कडकपणा बराच कमी होतो. चाक दहा मिलिमीटर हलताना स्प्रिंग सातच मिलिमीटर दबत असेल, तर तिचा साधारण निम्माच कडकपणा चाकाला मिळतो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये हे प्रमाण जवळजवळ एकास एक असते. बनवणाऱ्याकडून क्रोम-सिलिकॉन किंवा क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची तार, वळवल्यानंतरची उष्णताप्रक्रिया, बारीक छर्ऱ्यांचा मारा करून पृष्ठभाग घट्ट करणे, स्प्रिंग पूर्ण दाबून तिची लांबी स्थिर करणे आणि शेवटी भारयंत्रावर घेतलेले आकडे या पाच गोष्टी मागून घ्याव्यात.

तारापूरसारख्या ठिकाणी आम्लाने धातू स्वच्छ करण्याची आणि जस्ताचा मुलामा देण्याची सोय सहज मिळते, म्हणून एक इशारा द्यायला हवा. उच्च कठिणतेच्या स्प्रिंग-पोलादात आम्लाच्या किंवा विजेच्या मुलाम्याच्या प्रक्रियेत हायड्रोजन शिरतो, पोलाद ठिसूळ होते आणि चांगली दिसणारी चकचकीत स्प्रिंग काही दिवसांनी विनाकारण तुटते. जुनी स्प्रिंग वापरायचीच असेल तर ती छर्ऱ्यांनी साफ करून पावडर कोटिंग करावे. आम्लाच्या टाकीत बुडवू नये.

बसवण्याचे काम

उत्तम भाग वाईट रीतीने बसवले तर ते वाईट भागांसारखेच वागतात. स्ट्रटमधील स्प्रिंग शेकडो किलोंच्या बलाने दबलेली असते. ती सोडवताना चांगल्या प्रतीचा स्प्रिंग कॉम्प्रेसर समोरासमोर लावणे ही जिवाची काळजी आहे. दांड्याचे वरचे नट हवेच्या गनने सोडवताना किंवा आवळताना दांडा आत फिरतो आणि नव्या शॉकअपचे सील पहिल्याच दिवशी दुखावते. तेथे हातपान्याने, दांडा धरूनच काम करावे. शॉकअपबरोबर माउंटिंग, बेअरिंग, बम्प स्टॉप आणि धूळ आवरण नवे घ्यावे, आणि एका अक्षावरचे दोन्ही भाग नेहमी जोडीने बदलावेत.

सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारी पायरी आर्मच्या बुशची आहे. गाडी जॅकवर लटकलेली असताना हे बोल्ट घट्ट आवळले, तर चाके जमिनीवर येताच बुशमधील रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते, गाडी किंचित उंच बसते आणि ते रबर काही महिन्यांत फाटते. म्हणून बोल्ट आधी हलकेच लावून, गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच ते ठरलेल्या टॉर्कला आवळावेत. त्यानंतर दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवून, स्प्रिंगा आपापल्या जागी बसल्यावर व्हील अलाइनमेंट करावी. उंची बदलली की चाकाचा कल आणि तोंड दोन्ही बदलतात, आणि ते न सुधारता चालवलेली गाडी आतल्या कडेने टायर खाते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात हे तत्त्व अधोरेखित केले. झिजलेला शॉकअप किंवा स्प्रिंग मूळ मापाच्या भागाने बदलणे ही दुरुस्ती आहे. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या खासगी गाडीला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी परिवहन कार्यालयात तपासणीला उभे राहावे लागते. तेथे मूळ उंचीवर नीट उभी असलेली, तेल न गळणारी गाडी मालकाची बाजू आपणच मांडते.

क्रम पाळण्याचे मोल

या साऱ्या विवेचनातून कुंभवलीतील जुन्या कूपेसाठी निघणारा सल्ला साधा आहे. मूळ उंची राखावी, किंवा हौस फारच असेल तर दहा-पंधरा मिलिमीटरांपलीकडे खाली जाऊ नये. स्प्रिंग मूळ कडकपणाची किंवा त्याहून फार तर दहा-पंधरा टक्के अधिक घ्यावी. उत्पादकाने साधलेला पुढच्या-मागच्या बाजूंचा मेळ मोडू नये. आणि वाचलेले पैसे चांगल्या प्रतीचे शॉकअप, नवे बुश आणि चांगले टायर यांवर खर्च करावेत. अशी गाडी वसाहतीच्या खड्ड्यांत चाके जमिनीला टेकवून ठेवते, चिल्हारच्या वळणावर विश्वास देते आणि महामार्गावर थकवत नाही.

या सल्ल्यात धाडस कमी आणि संयम जास्त आहे असे कुणाला वाटेल. परंतु वेगवान गाडीचा वेग शेवटी टायर रस्त्याला किती वेळ चिकटून राहतो यावरच ठरतो, आणि उडणारे चाक वळू शकत नाही, थांबूही शकत नाही. ज्या अभियंत्यांनी ही गाडी घडवली त्यांनी तिला ठरावीक चाल दिली होती आणि ती चाल वापरण्यासाठी स्प्रिंग व शॉकअप यांची जुळणी केली होती. गुळगुळीत रस्त्यांच्या देशात त्या चालीचा काही भाग दिसण्यासाठी गमावला तरी चालून जाते. बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात तिचा प्रत्येक मिलिमीटर रोज वापरला जातो, आणि म्हणून येथे जुन्या कूपेवर प्रेम करणाऱ्याने आपला पैसा आणि कष्ट सर्वांत आधी ती चाल राखण्यावर खर्च करावेत.